किल्ली काकूंकडे आहे!

सकाळचे आठ चाळीस. खाली घंटागाडी तिचं ते नेहमीचं गाणं लावून उभी. एका हातात ओला कचरा, दुसऱ्या हातात सुका, पायात दोन वेगवेगळ्या चपला (एक माझी, एक रूममेटची) अशा अवतारात मी तीन जिने धडाधड उतरले, कचरा टाकला, विजयी मुद्रेने वर आले, आणि बघते तर काय... दार बंद! वाऱ्याने. लॅच लागलेलं. किल्ल्या आत फ्रिजवर, मोबाइल आत चार्जिंगला, रूममेट हिंजवडीच्या बसमध्ये, आणि गॅसवर दूध!

आता तुम्ही म्हणाल, यात काय नवीन? बरोबर आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात ही सकाळ एकदा तरी येतेच. कुणी टॉवेलवर पेपर घ्यायला बाहेर येतं, कुणी कुरिअरवाल्याला सही द्यायला. ज्यांच्यावर आली नाही त्यांनी फार हसू नये. लॅच कुणाचं सगं नसतं.

पण मला टेन्शन आलं ते फक्त दोन मिनिटं. कारण तळमजल्यावर काकू आहेत. मी परत तीन जिने उतरले, बेल वाजवली. काकूंनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि काहीही न विचारता कपाटातून बिस्किटांचा निळा, गोल पत्र्याचा डबा काढला. (या डब्यात बिस्किटं असलेली आजवर कुणी पाहिली आहेत का? प्रत्येक घरात यात सुईदोराच असतो.) डब्यात हात घातला, माझ्याशी बोलता बोलताच बोटांनी चाचपलं आणि एक किल्ली बाहेर काढली. माझीच. न बघता!

त्या किल्लीला लटकत होती आणखी एक किल्ली. दोऱ्याची. पांढऱ्या लेसची, बोटाएवढी, वर तीन पाकळ्यांचं डोकं, मध्ये दांडी, खाली दोन दात. दूध उतू गेलंच होतं, ओटा पुसायला अर्धा तास लागला. पण डोक्यात राहिली ती लेसची किल्ली.

*

आधी खऱ्या किल्ल्यांबद्दल माझी तक्रार ऐकून घ्या. परवा मी माझा जुडगा किचनच्या वजनकाट्यावर ठेवला. एकशे नव्वद ग्रॅम! म्हणजे मी पर्समध्ये दोन मोबाइल घेऊन फिरते, त्यातला एक नुसताच खुळखुळतो. सेफ्टी डोअरची, लॅचची, बाहेरच्या कडीच्या कुलपाची, स्कूटीची, टेरेसची, लेटरबॉक्सची (ज्यात फक्त बँकेची पाकिटं आणि पिझ्झ्याची पॅम्प्लेट्स येतात), कपाटाची, कपाटातल्या लॉकरची, जिथे आठवड्यातून तीन दिवस बसून लिहिते तिथल्या ड्रॉवरची, आणि सातारच्या घराची. ती वर्षातून चारदा लागते, पण आई म्हणते, ‘असू दे जवळ’. आईच्या ‘असू दे’पुढे कुणाचं काय चालणार?

बरं, ठेवायच्या कुठे? मुलांच्या जीन्सला सहा खिसे असतात, आमच्या कुर्तीला शून्य. पर्समध्ये टाकल्या की त्या तळाशी जातात आणि दारात उभं राहून लिपस्टिक, पावत्या, अर्धी खाल्लेली चिक्की असं सगळं उपसल्यावर सापडतात. संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्टेशनवर तपासणीसाठी रोज तोच खुळखुळाट. स्कूटीला लावल्या तर मेकॅनिक ओरडतो, ‘मॅडम, एवढं वजन लटकवलं तर स्विच लवकर जाईल.’ त्याचं बरोबर आहे. खड्ड्यातून गाडी जाते तेव्हा तो जुडगा घंटेसारखा हलतो.

आमच्या आज्यांनी हा प्रश्न स्टाइलमध्ये सोडवला होता. कमरेला चांदीचा छल्ला, त्यात किल्ल्या अडकवलेल्या. दागिनाही झाला आणि सोयही! शिवाय चालताना जो आवाज यायचा तो म्हणजे घराला सूचना, की मालकीण येते आहे. सासूने छल्ला काढून सुनेच्या हातात देणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. आजही पेपरवाले स्थायी समितीचा नवा अध्यक्ष निवडून आला की ‘पालिकेच्या तिजोरीच्या चाव्या अमक्याकडे’ असंच लिहितात. मी स्वतः लिहिलंय दोनदा.

आणि गंमत म्हणजे शब्द बघा. ‘चावी’ आपल्याकडे आली पोर्तुगीजांकडून, बटाटा आणि पगाराबरोबर. ‘कुलूप’ मूळचं अरबी, तिथला ‘कुफ्ल’ आपल्याकडे येता येता उलटापालटा झाला. ‘लॅच’ इंग्रजांचं. कुलूप अरबी, चावी पोर्तुगीज, लॅच विलायती, आणि बाहेर अडकलेली मुलगी सातारची!

*

तर काकू. काकूंना मी विचारलं, ‘काकू, ही लेस कुठून आणली?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, आणेन कशाला? टॅटिंग आहे ते. हाताने केलंय.’

टॅटिंग हा शब्द मी आईच्या तोंडून ऐकला होता, रुमालाच्या कडेला असायचं ते. पण प्रत्यक्ष करताना कधी पाहिलं नव्हतं. क्रोशाला आकडीची सुई लागते, टॅटिंगला लागतं एक छोटं शटल. दोन्ही टोकांना निमुळतं, होडीच्या आकाराचं, मुठीत मावेल एवढं. विणकराचा धोटा पावसात आक्रसला तर असा दिसेल. त्याच्या पोटात दोरा गुंडाळायचा. दोरा टोकाच्या फटीतून बाहेर येताना बारीक ‘टिक’ असा आवाज येतो. काकूंच्या घरी दुपारी टीव्ही बंद असेल तर हा आवाज जिन्यापर्यंत येतो.

आता यातली खरी मेख ऐका. टॅटिंगमध्ये टाका नसतोच, असते फक्त गाठ. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचं वर्तुळ करायचं आणि उजव्या हातातलं शटल त्याच्या खालून-वरून फिरवून अर्धी गाठ घालायची, मग उलट्या दिशेने दुसरी अर्धी. दोन मिळून एक. इथपर्यंत कुणालाही जमतं. पण शटलच्या दोऱ्याने घातलेली ही गाठ शेवटच्या क्षणी डाव्या हातातल्या दोऱ्यावर ‘उलटवावी’ लागते. डावी बोटं सैल सोडायची, शटलचा दोरा ताणायचा, आणि टक्कन गाठ पलटी मारते. मग शटलचा दोरा मधून सरळ धावतो आणि सगळ्या गाठी त्याच्यावर मण्यांसारख्या सरकतात. शेवटी तो ओढला की वर्तुळ मिटतं, पाकळी तयार! एक जरी गाठ पलटली नाही तर ती तिथेच घट्ट बसते. मग कितीही ओढा, पाकळी मिटत नाही. आणि उसवताही येत नाही. क्रोशाचं काम एक दोरा ओढला की सरसर उसवतं, टॅटिंग नाही. कात्री लावायची आणि नव्याने सुरुवात.

मी चार संध्याकाळी हेच करत होते. कात्री आणि नवी सुरुवात. काकू म्हणायच्या, ‘बाळा, डावा हात सोड. तू दोन्ही हातांनी ओढतेस.’ जिमचा ट्रेनरही मला साधारण हेच सांगतो.

दोन गाठींच्या मध्ये दोरा मुद्दाम सैल सोडला की त्याचा छोटा कंस होतो, त्याला म्हणतात पिको. हो, साडीला आपण फॉल-पिको करतो, तो शब्द इथूनच आलाय. या पिकोतच पुढची पाकळी अडकवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये रिएगो नावाच्या बाई टॅटिंगच्या नमुन्यांची पुस्तकं छापत होत्या. त्यांच्या काळात पाकळ्या एकमेकींना जोडायची ही युक्ती रुळली आणि मग सुट्या पाकळ्यांची सलग लेस व्हायला लागली. इटलीत टॅटिंगला जे नाव आहे त्याचा अर्थ होतो गप्पिष्ट. फ्रेंच लोक त्याला ‘फ्रिव्होलिते’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ‘टाइमपास’. दोन्ही नावं कुणातरी नवऱ्याने ठेवली असणार, असा मला दाट संशय आहे.

किल्ली करायला डोक्यासाठी पाकळ्या, दांडीसाठी शटलच्या जोडीला दोऱ्याचा गुंडा घेऊन केलेली गाठींची साखळी, आणि तळाशी दातांसाठी छोट्या छोट्या पाकळ्या. मग पेजेत बुडवून, उशीवर टाचण्यांनी ताणून वाळवायची. कडक होते. दोरा तुळशीबागेतून आणलेला, पांढराच. रंगीत का नाही, विचारल्यावर काकूंनी जे सांगितलं त्यावर मी अक्षरशः चाट पडले.

काकूंना डाव्या डोळ्याने कमी दिसतं. शिवाय किल्ली मागायची वेळ बहुतेकदा लाइट गेल्यावर किंवा रात्रीची येते. म्हणून रंग नकोतच. आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन, प्रत्येक मजल्यावर तीन फ्लॅट. किल्लीच्या डोक्याच्या पाकळ्या म्हणजे मजला, खालचे दात म्हणजे फ्लॅट. माझा तिसरा मजला, मधला फ्लॅट. तीन पाकळ्या, दोन दात. तळमजल्याच्या किल्ल्यांना डोकंच नाही, नुसती दांडी आणि दात! बोट फिरवलं की घर सापडतं. आणि कुणी डबाच पळवला तरी त्याला फक्त लेस दिसेल, पत्ता नाही. आपण काय करतो? किल्लीला प्लॅस्टिकचा टॅग लावून त्यावर बॉलपेनने फ्लॅट नंबर लिहितो, वर सोसायटीचं नावही. हरवली तर चोराला रिक्षाचं भाडं तेवढं द्यायचं बाकी राहतं.

*

हे कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणाल्या, ‘चावीवाल्याने.’ रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसणारा चावीवाला पाहिला असेल तुम्ही, पुढ्यात पाटीवर रंगवलेली मोठ्ठी किल्ली. काकूंना त्याने एकदा सांगितलं होतं, ‘ताई, चावीवर नंबर लिहू नका.’ मीही जाऊन त्याच्याशेजारी तासभर बसले. फ्रीलान्स पत्रकाराला कुठेही तासभर बसता येतं, हाच तर फायदा.

साध्या लॅचच्या पोटात एका ओळीत पाच-सहा बारीक पिना असतात. प्रत्येक पीन दोन तुकड्यांची, वर स्प्रिंग. किल्ली आत गेली की तिचे खाच-उंचवटे पिना वर उचलतात. बरोबर किल्ली असेल तर सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि आतलं नळकांडं फिरतं. एक पीन अर्धा मिलिमीटर वर-खाली झाली तरी नाही फिरणार. असल्या पिनांचं लाकडी कुलूप प्राचीन इजिप्तमध्येही होतं. आजचं चपट्या किल्लीचं रूप लायनस येल या अमेरिकन माणसाने १८६१ मध्ये पेटंट केलं. दाराला बाहेरून लावतो त्या कुलपांत बरेचदा पिनांऐवजी पट्ट्या असतात. कुलपावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असं कोरलेलं असतं ना, त्याच त्या पट्ट्या. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून, मग शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा धंदा बसल्यावर, १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला घेतली. मुंबईत चोऱ्या वाढल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती म्हणे. बघा, पेपर वाचण्याचे फायदे!

चावीवाल्याने मला एक गोष्ट दाखवली. माझी लॅचची किल्ली त्याने उन्हात धरली. ‘झिजलीये. हिच्यावरून डुप्लिकेट काढली तर झीजपण कॉपी होणार. नव्या चावीने दार उघडणार नाही, आणि तुम्ही म्हणणार मी फसवलं.’ जुनी किल्ली जुन्या कुलपात चालते, कारण दोघं एकमेकांबरोबर झिजलेले असतात. नवी किल्ली काढायची तर पहिल्या, न वापरलेल्या किल्लीवरून. म्हणजे जी दुसरीकडे ठेवलेली असते, तिच्यावरून. म्हणजे काकूंकडच्या!

पप्पांच्या चेतकची किल्ली अशीच झिजून गुळगुळीत झाली होती. १९७२ पासून आकुर्डीतून निघालेल्या चेतकने निम्म्या महाराष्ट्राला कुटुंबासकट ऑफिस आणि शाळेत पोचवलं. ती मधे बंद पडली आणि २०२० मध्ये चाकणच्या कारखान्यातून इलेक्ट्रिक होऊन बाजारात आली. त्या गाडीला किल्ली खुपसावी लागत नव्हती, खिशात असली तरी गाडीला कळायचं. पप्पांनी शोरूममध्ये ती बघितली आणि विचारलं, ‘किल्ली घरात विसरली तर?’ सेल्समन हसला. मी नाही हसले.

*

कारण माझी वाकडची मैत्रीण. तिने दाराला डिजिटल लॉक बसवलं. बोट लावा, आकडे दाबा, कार्ड टेकवा, दार उघडतं. सॉल्लिड दिसतं! ‘किल्ल्यांचं झंझट संपलं यार,’ असं ती मला तीन महिने सुनावत होती. मग एका रात्री साडेअकराला तिचा फोन. लॉकमधल्या बॅटऱ्या संपलेल्या. लॉक पंधरा दिवस वॉर्निंग देत होतं, हिला वाटलं ते तिला वेलकम म्हणतंय. अशा वेळेसाठी बहुतेक लॉकना बाहेरून तात्पुरती वीज द्यायची सोय असते, शिवाय खोक्यात दोन साध्या धातूच्या किल्ल्याही येतात. त्या कुठे होत्या? खोक्यात. खोकं कुठे होतं? घरात, माळ्यावर!

ती रात्र तिने माझ्याकडे काढली. म्हणजे बघा, आकडे, बोटं, ब्लूटूथ काहीही करा, शेवटी एक किल्ली घराबाहेर, दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवावीच लागते. कुणाकडे, ते खोक्यावर छापलेलं नसतं.

(काकूंच्या बोटांचे ठसे तर मशीन घेतही नाही. रेशनच्या दुकानात चार-चार वेळा अंगठा लावावा लागतो. भांडी घासून, दोरा ओढून रेषा पुसट झाल्यात.)

काही जण म्हणतील, त्यात काय, फायर ब्रिगेड आहे की. आहेच. महापालिकेचं मुख्य अग्निशामक केंद्र आमच्याच संत तुकाराम नगरात आहे, जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या नावाचं. आत लहान मूल अडकलं असेल, गॅस चालू असेल, म्हातारं माणूस दार उघडत नसेल तर १०१ लावायला एक सेकंदही थांबू नये. पण नुसत्या विसराळूपणासाठी बंब बोलवायला मला तरी लाज वाटते. त्याच वेळी कुठे खरी आग लागली असेल तर?

*

आता जे सांगायचं होतं ते सांगते.

पहिल्या मजल्यावर आजोबा राहतात. एकटे. मुलगा परदेशात. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मुलाचा काकूंना फोन आला, बाबा फोन उचलत नाहीत. काकूंनी डब्यात हात घातला. एक पाकळी, तीन दात. दार उघडलं तर आजोबा बाथरूमच्या उंबऱ्यात पडलेले, शुद्धीवर, पण उठता येईना. किती वेळ पडले होते ते त्यांनाही सांगता आलं नाही. वायसीएम हॉस्पिटल आमच्या इथून जवळ. दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी खुर्चीवर बसवून त्यांना खाली आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. आज आजोबा काठी घेऊन गॅलरीत उभे असतात आणि घंटागाडीवाल्याशी भांडतात. एवढं सगळं त्या एका लेसच्या किल्लीने केलं असं मी म्हणणार नाही. दार तोडूनही उघडलं असतं. पण दार तोडायचं आधी कुणी ठरवलं असतं, आणि किती वाजता?

आणि आता काकू चालल्या आहेत. मोशीला, मुलाकडे. चौदावा मजला, लिफ्ट, खाली गार्डन. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय, मुलाचं अजिबात चुकत नाही. काकाही असते तर गोष्ट वेगळी, पण ते जाऊन सहा वर्षं झाली. (काका कंपनीत होते. आमच्याकडे नुसतं ‘कंपनीत’ म्हटलं की पुरतं.) गेले पंधरा दिवस काकू डबा घेऊन एकेका दारात जाताहेत आणि किल्ल्या परत देताहेत.

अकरांपैकी आठ घरांच्या किल्ल्या होत्या त्यांच्याकडे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब तीन महिने गावाला अडकलं होतं, त्यांच्या तुळशीला रोज पाणी घातलं ते काकूंनीच. (इथल्या जुन्या लोकांना ‘टाळेबंदी’ म्हटलं की आधी कंपनीचं गेट आठवायचं, आता २०२० आठवतं.) त्या घरातल्या वहिनींनी किल्ली परत घेताना लेसची किल्ली हातात धरून ठेवली, खरी टेबलावरच राहिली. डब्यात तीन किल्ल्या अशा आहेत ज्यांची माणसं केव्हाच सोडून गेली, कुलपंसुद्धा बदलली. ‘मग टाकून द्या ना,’ मी म्हटलं. ‘परत मागितल्या नाहीत ना कुणी,’ काकू म्हणाल्या आणि झाकण लावलं.

माझी किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मला ती ठेवायला दुसरं कुणीच माहीत नाही. चार वर्षं झाली इथे राहून! समोरच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव मला पार्सलवरून कळलं. त्यांनाही माझं तसंच कळलं असेल.

मग मी ठरवलं, की आपणच डबा ठेवायचा. आणि आधी आजोबांकडे गेले, कारण सगळ्यात आधी त्यांचीच किल्ली कुणाकडे तरी हवी. आजोबांनी चहा केला. माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तुझं ॲग्रीमेंट किती दिवसांचं?’

‘अकरा महिन्यांचं.’

‘हं,’ आजोबा म्हणाले. ‘कधी संपतंय?’

‘नोव्हेंबरमध्ये. पण रिन्यू होतं हो आजोबा. तीनदा झालंय.’

‘होतं,’ ते म्हणाले. ‘बघू.’

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण जिना चढताना वाटलं, त्यांचं काय चुकलं? काकू या बिल्डिंगमध्ये पस्तीस वर्षं होत्या. मी पुढच्या दिवाळीत कुठे असेन ते माझं मलाच माहीत नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या जणांचं आयुष्य अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांत चाललंय. घरमालकाकडे आपली एक किल्ली असते, पण ती त्याची म्हणून असते, आपली म्हणून नाही.

तरीही दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथे तीन मुलं राहतात, चाकणच्या एका कारखान्यात कामाला. तिघांच्या तीन शिफ्ट, किल्ली एकच. ती ते दाराबाहेरच्या बुटात ठेवतात. मी म्हटलं, ‘बुटात किल्ली असते हे चोराला शाळेत शिकवतात. दाराची चौकट, कुंडी, मीटरचा बॉक्स, बूट, याच क्रमाने.’ ती हसली. दुसऱ्या दिवशी रात्री अकराला बेल. त्यातला एक दारात. ‘ताई, डुप्लिकेट काढली. ठेवा तुमच्याकडे.’ किल्लीला काळी, जाड दोरी बांधलेली. ‘तुम्ही लेस लावता म्हणाला होतात ना, आमच्याकडे ही बुटाचीच होती.’

तर सध्या माझ्या डब्यात (गुलाबजामचा आहे, निळा डबा काकू घेऊन जाणार) दोन किल्ल्या आहेत. बुटाच्या लेसवाली एक, आणि समोरच्यांची एक. हो, दिली त्यांनी! माझी त्यांच्याकडे आहे. आजोबांच्या किल्लीसाठी मी टॅटिंग करून ठेवलंय. एक पाकळी, तीन दात. पाकळी अजून नीट मिटत नाही, एक गाठ कुठेतरी पलटायची राहिली आहे. पण बोट फिरवलं की एक कळतं.

आजोबांनी किल्ली अजून दिलेली नाही. काल मात्र जिन्यात थांबवून विचारत होते, ‘तू रात्री किती वाजता झोपतेस? मोबाइल सायलेंटवर ठेवतेस का?’